जात म्हणजे काय, ते तूच शिकवलंस

अक्का, परवा तुला समाधीसाठी बसवलं तेव्हा तुझी मान सारखी डावीकडं कलत होती. तुझा मुलगा शिवानंद हनुवटीला हात लावून ती सरळ करायचा आणि हात काढला की ती पुन्हा कलायची. शेवटी कुणीतरी मागून पांढरं कापड बांधलं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, मांडीवर बेलाची पानं. वर्गात पोक काढून बसणाऱ्या मुलींच्या पाठीला पट्टी टोचणारी तू, आणि तुला ताठ बसवायला कापड लागलं. मला रडू यायला हवं होतं. राग आला. तो अजून गेलेला नाही.

शिवानंदनं सगळ्यांना कळवलं होतं. मंद्रूपची तुझी माहेरची माणसं आली होती, भावकी आली होती, शाळेतून आम्ही दहाबारा जणी होतो. तुझ्या मुलीला मात्र त्यानं कळवलं नव्हतं. गौरीला फोन मी केला. ती माझ्या मिलिंदची बायको आहे, माझी सून आहे, हे तुझ्या घरात कुणी मोठ्यानं म्हणत नाही. पण आई गेल्याचं तिला सांगायला कुणीतरी हवं होतंच. ती, मिलिंद आणि मुक्ता बार्शीहून थेट स्मशानातच आली.

"घरच्यांनी पुढं या," तुझा दीर म्हणाला. माती द्यायची होती. गौरी पुढं झाली. त्यानं तिच्याकडं न बघता नुसता हात आडवा केला, चौकात पोलीस करतो तसा. गौरी थांबली. शिवानंदनं ते पाहिलं आणि खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागला.

सगळे गेल्यावर आम्ही चौघं तिथंच राहिलो. माती ओढणारा माणूस फावडं घेऊन उभा होता. मी म्हटलं, "दादा, जरा थांबता का?"

"टाका की ताई. मला कुटं घाई हाय?" तो म्हणाला आणि लिंबाखाली जाऊन पाठ फिरवून बसला.

गौरीनं दोन ओंजळी भरून माती घातली. तू कशी बसली आहेस ते आता दिसत नव्हतं. मुक्तानं आपल्या आजीला पहिल्यांदा पाहिलं ते असं.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण होतीस तेव्हा तू भांडू दिलं नाहीस. बोलणंच बंद केलंस. मग मी भांडायचं कधी?

मी शाळेत आले तेव्हा आपल्या प्रयोगशाळेची खिडकी नीट लागत नव्हती, आणि बाहेरच्या वडावरच्या वटवाघळांचा वास आत यायचा. माझी बी.एस्सी. चांगल्या गुणांची होती, पण शिक्षकखोलीत कुजबुज होती ती कोट्याची. हेडमास्तरांनी मला पाचवी-सहावीचं सामान्य विज्ञान दिलं. मी निमूट घेतलं. तूच त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिलीस. "दहावीची एक तुकडी हिला द्या सर. मला दोन झेपत नाहीत." तुला चार झेपल्या असत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं. बाहेर आल्यावर मी आभार मानायला लागले तर म्हणालीस, "आभार कसले? माझे तपासायचे पेपर वाचले की. ऊटा आयता?" मला कानडी येत नव्हतं. "जेवलीस का, विचारतेय ग," म्हणालीस आणि मला ओढत डबा खायला नेलंस. त्या दिवसापासून तू माझी अक्का झालीस. तुझ्या ज्वारीच्या कडक भाकरीवर माझी शेंगाचटणी, माझ्या भाजीत तुझा हात. तुझ्या घरीही तेच. तुझ्या सासूचा चेहरा कडू व्हायचा, पण तू मला स्वयंपाकघरात बसवूनच वाढायचीस. वेगळा पेला नव्हता, वेगळी ताटली नव्हती. म्हणून तर पुढं जे झालं ते मला आधी कळलंच नाही.

तुझा 'सजीवांची लक्षणं' हा धडा मी शेवटच्या बाकावर बसून पहिल्यांदा पाहिला. टेबलावर तू एक खडा, ज्वारीचे चार दाणे, मेलेला भुंगा आणि पेटलेली उदबत्ती ठेवली होतीस. यातलं जिवंत काय? मुली बुचकळ्यात पडल्या. मग एका पद्मशाली मुलीनं हात वर केला. तिचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या नान्नाचा माग जिवंत हाय. नान्ना म्हणतो, सूत खातो, ओरडतो, वीज गेली की झोपतो, लई गरम झाला की रागावतो."

मुली हसल्या. तू हसली नाहीस. फळ्यावर माग लिहिलास आणि पुढं एकेक लक्षण घेत गेलीस. खातो? खातो. हलतो? हलतो. टाकाऊ बाहेर टाकतो? सुताचा भुसा उडतो की मॅडम! वाढतो? इथं मुली अडकल्या. त्याला पिल्लं होतात? वर्ग खिदळला. आणि मग, सगळ्यांना उत्तर मिळालं असं वाटत असताना, तू विचारलंस, "मग खेचराला पिल्लं होत नाहीत. ते मेलेलं असतं का?" दोघीतिघींनी वर केलेले हात खाली घेतले. "एका लक्षणावरून कुणाला जिवंत ठरवू नका आणि मेलेलंही ठरवू नका," म्हणालीस. मी तो धडा नंतर आयुष्यभर तसाच शिकवला. खेचरासकट.

दुसरा प्रसंग मी कुणालाच सांगितलेला नाही. वर्गीकरण शिकवत होते. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, आणि सगळ्यांत खाली जाती. पाठ्यपुस्तकातला साधा शब्द, पण मी तो फळ्यावर लिहिला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमची जात काय?" तिला घरून कुणी विचारायला सांगितलं होतं की सहज विचारलं, कोण जाणे. माझ्या हातातला खडू तसाच राहिला. तू शेजारच्या खोलीत द्रावणं भरत होतीस. परीक्षानळी हातात घेऊनच आत आलीस.

"माझी विचार की."

मुलगी उभी राहिली. "तुमची... काय मॅडम?"

"होमो सेपियन्स. या मॅडमची पण तीच. तुझी?"

"होमो सेपियन्स, मॅडम."

"ऐकू येत नाही."

मग सबंध वर्गाकडून तू ते वदवून घेतलंस, इतक्या मोठ्यानं की हेडमास्तर व्हरांड्यात आले. ज्यांच्यात प्रजोत्पादन होऊन पुढं प्रजनन करणारी संतती होते ते सगळे एका जातीचे, माणसाची जात एकच, असं तू त्यांनाही ऐकवलंस. त्या दिवशी मी घरी जाताना सिद्धेश्वर तलावाच्या कडेला थांबले आणि खूप रडले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. हे तुला कळायला हवं होतं, अक्का. मी कधी सांगितलं नाही, कारण वाटलं, तुला माहीतच असणार.

आपली पोरं त्या प्रयोगशाळेतच वाढली. मिलिंदचे बाबा रेल्वेत, कायम फिरतीवर. तुझे मालक दुकानात. शाळा सुटली की मिलिंद आणि गौरी कोपऱ्यातल्या टेबलावर हायड्राच्या आकृत्या रंगवत बसायची. नान्नजला माळढोक बघायला मुलींची सहल नेली तेव्हा ही दोघंही बरोबर. माळढोक काही दिसला नाही, काळवीटं तेवढी दिसली. बाभळीखाली एकाच डब्यातून खाताना तू म्हणालीस, "ही दोघं भावंडांसारखी भांडतात ग." भावंडांसारखी नव्हती, ते आपल्याला नंतर कळलं.

आपलं एक भांडण तेव्हापासूनचं अपुरं आहे. मुलींना पानं गोळा करायला लावून त्यांचे गट करायचो तेव्हाचं. तू म्हणायचीस, आधी फरक शोधा. कडा करवती की सपाट, शिरा जाळीदार की समांतर. मी म्हणायचे, आधी सारखं काय ते बघा. "फरक दिसला नाही तर ओळखणार कसं?" तू म्हणायचीस. "ओळखून करायचं काय?" मी म्हणायचे. तू पान माझ्या डोक्यावर मारायचीस. किती वर्षं आपण या भांडणावर हसलो. ते पानांबद्दल नव्हतंच, हे तुझ्या तरी लक्षात आलं होतं का?

गौरीनं तुला सांगितलं त्या रविवारी तू आमच्या घरी आलीस. सकाळची वेळ. मी ज्वारी निवडत होते. तुला बघून उठले, म्हटलं, बस की, चहा टाकते. तू उंबऱ्याच्या आत आलीस, पण बसली नाहीस.

"सुजा, पोराला आवर."

"तुझी पोरगीही आहे त्यात, अक्का."

"मी तिला बघते. तू त्याला बघ."

मी म्हटलं, दोघंही शिकलीत, नोकऱ्या आहेत, एकमेकांना जन्मापासून ओळखतात. आणि आपण दोघी तर आहोतच. मला खरंच वाटलं होतं की तुला नुसता धक्का बसलाय. लोक काय म्हणतील याची भीती असेल, दोन दिवसांत निवळेल. मी हसलेसुद्धा. म्हणाले, "आता तरी डबा एकत्र करायला मिळेल."

तू हसली नाहीस. म्हणालीस, "घोडा आणि गाढव एका माळावर चरतात, सुजा. म्हणून त्यांची सोयरीक करत नाहीत. खेचर होतं. वंश बुडतो."

मिलिंद आतल्या खोलीत होता. त्यानं ऐकलं.

आपल्यातलं गाढव कोण, ते मी विचारलं नाही. तू सांगितलं नसतंस, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. मी एवढंच म्हटलं, "खेचराला पिल्लं होत नाहीत, म्हणून घोडा आणि गाढव वेगळ्या जातीचे. यांना होतील. मग यांची जात एक झाली ना? हे तूच सांगतेस मुलींना."

"शाळेतलं शाळेत ठेव," तू म्हणालीस.

एवढंच. चार शब्दसुद्धा नाहीत. तू गेलीस, मी परत ज्वारी निवडायला बसले आणि माझ्या लक्षात आलं, माझ्या हातून खडे तसेच राहताहेत आणि दाणे बाहेर पडताहेत. ताटातून जेवायला तुझी हरकत नव्हती. वर्गात माझ्यासाठी भांडायला नव्हती. रक्तात मात्र मी नको होते. एवढी बारीक रेघ तू किती वर्षं मनात धरून होतीस? आणि मी तिच्या इतकी जवळ बसून डबा खात होते!

त्यांनी नोंदणी लग्न केलं. मी सही केली, तुझ्या बाजूनं कुणी नव्हतं. मिलिंदला बार्शीच्या कॉलेजात नोकरी होती, ती दोघं तिकडं गेली. आणि आपण दोघी मात्र त्याच एका प्रयोगशाळेत उरलो.

ती वर्षं मी तुला माफ केलेली नाहीत. तू मला 'मॅडम' म्हणायला लागलीस. माझ्याकडची सूक्ष्मदर्शकाच्या कपाटाची किल्ली हवी असली तर वर्गातल्या मुलीला पाठवायचीस, "त्या मॅडमना विचार." मी तीन हातांवर बसलेली असायचे. कपाटाचे कप्पे वेगळे झाले, डबे वेगळे झाले. नव्या शिक्षिकांना वाटायचं, या दोघींचं कधी पटलंच नसावं. मीही तुझ्यासारखं वागू शकले असते, पण मला जमलं नाही. मी रोज सकाळी "नमस्कार अक्का" म्हणत राहिले आणि तू मान हलवत राहिलीस.

मुक्ता झाली तेव्हा मी जिलेबी नेली. डबा घेऊन प्रत्येकीपुढं गेले. तुझ्यापुढं आले तेव्हा सगळी खोली आपल्याकडं बघत होती. मी म्हटलं, "मुलगी झाली." नाव घेतलं नाही, कुणाला झाली ते बोलले नाही. म्हटलं, आता तरी. तू एक जिलेबी उचललीस.

"अभिनंदन, मॅडम," म्हणालीस आणि खाल्लीस. नीट, सावकाश, पाक साडीवर सांडू न देता. मग पाण्याचा घोट घेतलास आणि पेपर तपासायला लागलीस.

आपल्याच नातीच्या जन्माची जिलेबी शेजारणीच्या घरची म्हणून खाणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. नको म्हणाली असतीस, डबा भिरकावला असतास तर मला ते सोसलं असतं.

मग तू निवृत्त झालीस, पाठोपाठ मी. तुझी किडनी गेल्याचं कानावर आलं. मी आले नाही, कारण बोलावलं नव्हतंस. आणि गेल्या महिन्यात तुझ्या सुनेचा फोन आला. "सासूबाई विचारतायत, तुम्ही येता का."

मी रिक्षा करून कसब्यातल्या तुझ्या घरी आले. दुपारची वेळ, शिवानंद दुकानात. तू मागच्या खोलीत कॉटवर होतीस, पायांवर सूज, हातावर सुयांचे डाग. इतकी बारीक झाली होतीस की मला सगळा राग विसरायला झालं. तू मला 'सुजा' म्हणालीस. किती वर्षांनी! मी कॉटवर बसले, तुझा हात हातात घेतला. तू घेऊ दिलास.

मग तू विचारलंस, "तुझी नात कशी आहे?"

तुझी. अक्का, मराठीत 'आपली' असा एक शब्द आहे. तुझी कानडी मातृभाषा असली तरी तू मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलायचीस. तोंडातून चुकून गेला म्हणावं तर तू शब्द कधी चुकत नव्हतीस.

मी म्हटलं, "सातवीत आहे." फोनवर फोटो दाखवला. तू चष्मा मागितलास. बराच वेळ बघत राहिलीस. मग दोन बोटांनी फोटो मोठा केलास, चेहरा बाजूला सरकवलास आणि कानापाशी थांबलीस.

"पाळी चिकटलेली आहे."

"हो. तुझ्यासारखी. आमच्यात सगळ्यांची सुटी."

कानाची पाळी, आनुवंशिकतेचा धडा, मुलींना एकमेकींचे कान बघायला लावायचीस तो. तू पदर डोक्यावरून पुढं ओढलास, कान झाकले आणि फोन माझ्या हातात दिलास.

"आणू का तिला? उद्याच आणते."

"शिवा असतो घरी."

"तो दुकानात गेल्यावर आणते. पाच मिनिटं बघ फक्त."

तू डोळे मिटलेस. "आता नको, सुजा."

मी थांबले. वाटलं, तू पुढं काहीतरी बोलशील. एक शब्द पुरला असता मला. खेचर म्हणालीस ते चुकलं, एवढं म्हणायलाही नको होतं. नुसतं 'आपली मुक्ता' म्हणाली असतीस तरी मी तिथंच तुझ्या पायाशी सगळं संपवलं असतं. तू झोपेचं सोंग केलंस. तुझी झोप मला माहीत आहे, अक्का. सहलीला एका चादरीत झोपलोय आपण. तू जागी होतीस.

मी निघून आले. मग तुझ्या जाण्याचाच फोन.

काल शाळेनं शोकसभा ठेवली. सभागृह भरलं होतं. तुझा फोटो, हार, समई. शिवानंद पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्चीवर. गौरीला मी बोलावलं होतं. ती मुक्ताला घेऊन मागं, दाराजवळच्या बाकावर बसली. माजी विद्यार्थिनी उठून बोलत होत्या. कुणी डॉक्टर झालेली, कुणी तलाठी. मॅडमनी आम्हाला विचार करायला शिकवलं, मॅडम काळाच्या पुढं होत्या. एक जण तर रडायला लागली. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना भेटलेली तू खरीच होतीस, आणि मला भेटलेलीही खरी. याचं काय करायचं ते मला या वयातही कळत नाही.

मग मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "आता मॅडमच्या सहकारी आणि जिवलग मैत्रीण बोलतील." मी माइकपाशी गेले. मी भाषण करून आले होते मनात, तुझ्या चांगल्या गोष्टींचं. समोर शिवानंद मोबाइल बघत होता. माझं सगळं भाषण गेलं.

मी म्हटलं, "ओळख थोडी चुकली आहे. मी महादेवीची विहीण. तिची मुलगी गौरी माझी सून आहे. आमची नात मागं बसली आहे. मुक्ता, उभी राहा."

सगळ्या माना वळल्या. मुक्ता गोंधळली, आईकडं पाहिलं, आणि उभी राहिली. शिवानंदचा चेहरा लाल झाला. तो फोन खिशात घालायला लागला तर तो खिशात जाईना. मी आणखी काही बोलले नाही. बोलण्यासारखं तेवढंच होतं. तू असतीस तर तूही मला ते बोलू दिलं नसतंस, आणि आता नाही म्हणायला तू नाहीस. मला यात काडीचा आनंद झाला नाही. 'आमची नात' हा शब्द मला तुझ्या तोंडून हवा होता. माझ्याच तोंडून घ्यावा लागला, तोही माइकवरून, परक्यांसमोर.

मुख्याध्यापिकाबाई बावरल्या. काय करावं ते न सुचून त्यांनी घाईघाईनं जाहीर केलं, "आपण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

खुर्च्या सरकल्या. सगळं सभागृह उभं राहिलं. शिवानंदलाही उठावं लागलं. मुक्ता आधीपासूनच उभी होती.